संगणकीय खाते : हिशेबाच्या वहीपासून व्यक्तीच्या ओळखीपर्यंत
विद्यापीठीय संगणन-व्यवस्थेचा एक ऐतिहासिक आढावा

सारांश

विद्यापीठाच्या विभागात प्रत्येक अध्यापकाला व विद्यार्थ्याला मिळणारे संगणकीय खाते ही आज इतकी सवयीची बाब झाली आहे की, त्यालाही इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. प्रस्तुत लेखात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, केंब्रिज विद्यापीठ आणि बर्कली येथील अनुभवांच्या आधारे या खात्याचा १९६१ ते १९९१ या काळातील प्रवास मांडला आहे. अखेरीस भारतीय संदर्भाचा थोडक्यात विचार केला आहे. यंत्राच्या वेळेचा हिशेब ठेवण्यासाठी जन्मलेले खाते पुढे व्यक्तीची ओळख कसे बनले आणि ही ओळख सुरक्षित राखण्याचे काम केवळ तंत्राने का साधले नाही, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय खाते, पासवर्ड, टाइम-शेअरिंग, प्रोजेक्ट अथेना, तांत्रिक साहाय्य, विद्यापीठ विभाग.

१. प्रस्तावना

मराठीत 'खाते' या शब्दाला दोन प्रमुख अर्थ आहेत. सावकाराच्या वा बँकेच्या वहीत ज्या नावाखाली देणे-घेणे मांडले जाते ते खाते. तसेच शिक्षण खाते, महसूल खाते या अर्थाने शासनव्यवहाराचा एक विभाग म्हणजेही खाते. संगणकाच्या संदर्भात हा शब्द इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला. परंतु त्यातील खतावणीचा अर्थ केवळ भाषांतराच्या ओघात आलेला नाही. आरंभीच्या विद्यापीठीय संगणकांवर वापरकर्त्याच्या नावे खरोखरच यंत्राच्या वेळेची जमा आणि खर्च मांडली जात असे. आपण आज ज्याला ओळख, पत्ता आणि अधिकार मानतो, तो मुळात एक हिशेब होता.

हा इतिहास समजून घेण्याची गरज केवळ जिज्ञासेपोटी नाही. परीक्षेचे गुण, शोधप्रबंध, प्रवेशाची माहिती आणि पत्रव्यवहार हे सर्व आता खात्याच्या आधारे चालते. खात्यातून झालेली प्रत्येक कृती त्या नावाच्या व्यक्तीने केली असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कोठून आले आणि ते कितपत टिकाऊ आहे, याचे उत्तर इतिहासात सापडते.

२. उद्दिष्टे व पद्धती

(अ) विद्यापीठांतील संगणकीय खात्याच्या उगमाची कारणे शोधणे.
(आ) पासवर्ड-व्यवस्थेतील अपयशाच्या महत्त्वाच्या घटनांचा अर्थ लावणे.
(इ) तांत्रिक साहाय्य आणि खात्याची सुरक्षितता यांतील संबंध स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रणाली घडविणाऱ्यांचे प्रकाशित निबंध व स्मरणलेख यांतून ज्ञात असलेल्या घटनांचा आधार घेतला आहे.

३. यंत्राचा वेळ आणि खात्याचा जन्म

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठातील संगणक ही एका व्यक्तीची वस्तू नव्हती. एमआयटीच्या संगणन केंद्रातील आयबीएम कंपनीच्या यंत्राचा वेळ खुद्द एमआयटी, न्यू इंग्लंड प्रदेशातील इतर महाविद्यालये आणि ती कंपनी यांच्यात वाटलेला असे. संशोधकाने आपला प्रोग्राम छिद्रांकित पत्त्यांवर उतरवायचा, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी छापील निकाल घ्यायचा, अशी पद्धत होती. एखादा स्वल्पविराम चुकला तरी एक दिवस वाया जाई. यंत्राचा एक क्षणही रिकामा जाऊ नये म्हणून माणसाचे तास खर्ची पडत होते.

हे गणित उलटे केले पाहिजे, असा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या आरंभी एका टिपणाद्वारे मांडला. एकाच यंत्राने अनेकांना आळीपाळीने क्षणाक्षणाचा वेळ द्यावा, म्हणजे प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत आहे असे वाटेल, ही 'टाइम-शेअरिंग'ची कल्पना होती. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखविले. ही प्रणाली 'कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टम' किंवा 'सीटीएसएस' या नावाने ओळखली जाते. १९६३ पासून ती नियमित वापरात आली आणि १९७३ पर्यंत चालली.

अनेक जण एकाच यंत्रावर आले म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. कोणी किती वेळ वापरला हा पहिला, आणि कोणाच्या फायली कोणत्या हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक, नाव आणि वेळेचा ठरावीक वाटा मिळाला. वाटा संपला की काम थांबे. ही शुद्ध खतावणी होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पासवर्ड आला. प्रत्येकाच्या फायलींना स्वतंत्र कुलूप असावे, एवढाच साधा विचार त्यामागे असल्याचे कॉर्बातो यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगायचा परवलीचा शब्द जसा छावणीत शिरण्यापुरता असतो, तसेच त्याचे स्वरूप होते. तो व्यक्तीची ओळख सिद्ध करील अशी अपेक्षा त्या वेळी कोणी बाळगली नव्हती.

१९६५ मध्ये याच प्रणालीवर टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस यांनी एका वापरकर्त्याने दुसऱ्याला निरोप ठेवण्याची आज्ञा लिहिली. त्यामुळे खाते हा हिशेबाबरोबरच पत्ताही झाला. हा बदल त्या वेळी लहान वाटला, परंतु परिणामांच्या दृष्टीने तो मोठा होता. वेळेचा वाटा दुसऱ्याला उसना देता येतो. नावाने आलेले पत्र तसे देता येत नाही.

४. कुलपाच्या पहिल्या दोन कसोट्या

सीटीएसएसच्या इतिहासातील दोन घटना येथे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याची. १९६२ च्या सुमारास त्याला आपल्या संशोधनासाठी आठवड्याला मिळणारे मोजके तास अपुरे पडत होते. यंत्रावरील कोणतीही फाइल छापून मिळावी अशी मागणी पत्त्याद्वारे करता येते, हे त्याच्या लक्षात आले. त्याने पासवर्डची फाइल मागविली आणि ती छापून त्याच्या हाती आली. इतरांच्या नावावर काम करून त्याने आपला वेळ वाढविला. ही हकिगत त्याने स्वतःच पुढे उघड केली. चोरी फायलींची नव्हती, वेळेची होती. खात्याचा मूळ अर्थ या घटनेतून स्वच्छ दिसतो.

दुसरी घटना १९६० च्या दशकातीलच आहे. एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा व्यवस्थापक सर्वांना दिसणारी त्या दिवसाची सूचना लिहीत होता. संपादनासाठी यंत्र जी तात्पुरती फाइल तयार करी, तिचे नाव दोघांसाठी एकच होते. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. १९९० चे ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात कॉर्बातो यांनी ही हकिगत मुद्दाम सांगितली.

या घटनेत कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. ज्या प्रणालीची रचना करताना ती फाइल एकाच व्यवस्थापकाच्या हाती राहील असे गृहीत धरले होते, ती वाढत्या व्यापामुळे दोघांच्या हाती गेली. रचनाकाराचे गृहीतक आणि कार्यालयाची प्रत्यक्ष कामाची रीत यांतील अंतरातून दोष निर्माण झाला. पुढील बहुतेक घटनांत हेच सूत्र पुन्हा आढळते.

५. एकमार्गी गणित आणि माणसाची सवय

या प्रश्नावरील गणिती उपाय केंब्रिज विद्यापीठात सापडला. तेथील रॉजर नीडहॅम यांनी सुचविलेली पद्धत मॉरिस विल्क्स यांनी १९६८ मध्ये प्रकाशित झालेल्या टाइम-शेअरिंगविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदविली. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही. एकाच दिशेने चालणाऱ्या गणिती प्रक्रियेतून काढून त्याचे रूपांतर तेवढे साठवायचे, हे त्याचे तत्त्व होते. दळलेल्या पिठापासून पुन्हा धान्य करता येत नाही, तद्वत फाइल छापून हाती आली तरी मूळ शब्द कळत नाही. विद्यापीठांत सर्वदूर पसरलेल्या युनिक्स प्रणालीने हे तत्त्व स्वीकारले.

गणित सुटले, पण सवय सुटली नाही. बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ पासवर्डची पाहणी दिली आहे. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधता येण्याजोगे होते. १५ जणांनी केवळ एका अक्षराचा पासवर्ड ठेवला होता, ७२ जणांनी दोन अक्षरांचा. हे वापरकर्ते अडाणी नव्हते. संगणकाच्या नित्य सहवासातील माणसे होती. लक्षात ठेवण्याचा भार सर्वस्वी माणसावर टाकला की तो स्वतःपुरती सोपी वाट काढतो, एवढेच या आकड्यांवरून सिद्ध होते.

याच काळात एक विरोधी सूरही उमटत होता. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील प्रणालीवर पासवर्डची सक्ती नव्हती; ज्ञान मुक्त असावे आणि यंत्र सर्वांचे असावे, अशी तेथील धारणा होती. शेजारच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत पासवर्ड आले तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ते उलगडले आणि वापरकर्त्यांना संदेश पाठवून पासवर्ड रिकामाच ठेवण्याचे आवाहन केले. सुमारे एकपंचमांश वापरकर्त्यांनी ते मानल्याचे सांगितले जाते. या भूमिकेकडे केवळ बंडखोरी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. विद्वानांच्या समुदायात परस्परविश्वास हाच खरा आधार असतो, ही विद्यापीठाची जुनी कल्पना त्यामागे होती. मात्र ती कल्पना परस्परांना ओळखणाऱ्या लहान समुदायापुरतीच टिकू शकते. यंत्रे एकमेकांना जोडली गेली, तेव्हा समुदायाची सीमाच पुसली गेली.

६. पंचाहत्तर सेंटचा फरक

ही सीमा पुसली गेल्याचे भान ज्या प्रसंगाने आले, तो एका हिशेबातूनच उद्भवला. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत चालविल्या जाणाऱ्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ संगणक-व्यवस्थापनाच्या कामावर आले. संगणकाच्या वापराची आकारणी विभागांकडून केली जात असे. त्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. रक्कम क्षुल्लक होती. परंतु जमाखर्चाच्या वहीत पैचा फरकही कारणाशिवाय पडत नाही. शोध घेता असे दिसले की, ज्याला कोणत्याही विभागाचा पत्ता नाही असे एक खाते परस्पर उघडले गेले होते. शिवाय प्रयोगशाळेत आता नसलेल्या एका वापरकर्त्याचे निष्क्रिय खातेही कोणी चालवीत होते.

स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या दूरध्वनी-जोडण्यांना छापयंत्रे लावून घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर टिपली. त्याला अधिक वेळ गुंतवून ठेवण्यासाठी 'एसडीआयनेट' नावाच्या काल्पनिक प्रकल्पाच्या फायली तयार करून ठेवल्या. अखेरीस माग तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. १९८८ मध्ये स्टॉल यांनी या शोधाचा वृत्तान्त निबंधरूपाने आणि १९८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. या घुसखोराकडे फार मोठे तंत्रज्ञान नव्हते. कंपनीने यंत्राबरोबर दिलेले व कोणीही न बदललेले पासवर्ड, पाहुण्यांसाठी उघडी ठेवलेली खाती आणि निघून गेलेल्यांची बंद न केलेली खाती हीच त्याची मुख्य साधने होती. या तिन्ही गोष्टी यंत्राच्या दोषातून आलेल्या नसून आस्थापनेच्या कामातील शैथिल्यातून आलेल्या होत्या.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म' प्रोग्रामने इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली. प्रोग्राममधील दोषांचा त्याने उपयोग केलाच. शिवाय वापरकर्त्यांची नावे, तीच नावे उलट क्रमाने आणि ४३२ शब्दांची एक यादी वापरून तो पासवर्डचे अंदाज बांधी. विशेष म्हणजे त्या विद्यार्थ्याचे वडील हे १९७९ च्या निबंधाचे सहलेखक रॉबर्ट मॉरिस होते. निबंधात दाखविलेली उणीव नऊ वर्षांनंतरही तशीच होती. ज्ञान प्रसिद्ध होणे आणि ते विभागाच्या रोजच्या कामात उतरणे, यांत किती अंतर असते याचे हे बोलके उदाहरण आहे.

७. प्रोजेक्ट अथेना : साहाय्य हे व्यवस्थेचे अंग

हे अंतर भरून काढण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न एमआयटीतच झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम यांच्या सहकार्याने १९८३ मध्ये सुरू झालेला 'प्रोजेक्ट अथेना' १९९१ पर्यंत चालला. प्रयोगशाळेतील मोजक्या तज्ज्ञांऐवजी सर्व पदवी विद्यार्थ्यांच्या अध्ययनात संगणक आणणे, हा त्याचा हेतू होता. आवारातील कोणत्याही संगणकासमोर बसले तरी आपल्याच फायली समोर याव्यात, अशी योजना होती. त्यामुळे खाते यंत्रापासून कायमचे सुटे झाले आणि व्यक्तीला चिकटले.

या स्थितीत यंत्रावर विश्वास ठेवून चालणार नव्हते, कारण समोरचे यंत्र सर्वांसाठी खुले होते. म्हणून 'कर्बेरोस' ही ओळख पटविण्याची पद्धत तयार झाली. नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या संकल्पनेवर ती आधारलेली होती. तिच्यात पासवर्ड जाळ्यातून प्रवासच करीत नाही. वापरकर्त्याची ओळख एकदा मध्यवर्ती यंत्रापाशी पटली की त्याला ठरावीक तासांपुरते 'तिकीट' मिळते आणि पुढील सेवांना तेवढे दाखविले की पुरते. वसतिगृहाच्या खानावळीत प्रत्येक वेळी पैसे मोजण्याऐवजी कार्यालयातून आणलेले त्या दिवसाचे कूपन द्यावे, तसाच हा व्यवहार. कूपन हरवले तरी नुकसान त्या दिवसापुरते. ही पद्धत पुढे विद्यापीठाबाहेर गेली आणि विंडोज २००० पासून जगभरच्या कार्यालयांत वापरली जाऊ लागली.

कर्बेरोसची कीर्ती मोठी आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अथेनातील इतर दोन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे नोंदणी. विद्यार्थ्यांच्या अधिकृत यादीच्या आधारे प्रत्येकाने संगणकासमोर बसून आपले खाते स्वतः उघडायचे आणि पासवर्ड स्वतःच ठरवायचा, अशी सोय होती. त्यामुळे पासवर्ड आरंभापासूनच तिसऱ्या माणसाच्या माहितीत राहत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे 'ऑन-लाइन कन्सल्टिंग' ही साहाय्याची व्यवस्था. अडचण आली की वापरकर्त्याने एक आज्ञा देऊन प्रश्न टंकित करायचा. उपलब्ध सल्लागार आपल्या यंत्रावरून उत्तर देई. कोणी मोकळा नसेल तर प्रश्न रांगेत राही. संभाषणाची नोंद ठेवली जाई आणि वारंवार येणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे सर्वांसाठी उपलब्ध होत.

या रचनेचा अर्थ असा की, अडलेल्या माणसाला मदतीसाठी आपला पासवर्ड कोणाला सांगावा लागत नव्हता. साहाय्य तत्पर असेल तर नियम पाळणे सोपे जाते. साहाय्य दुर्मीळ असेल तर शेजारच्याचे खाते वापरणे हीच सोयीची वाट ठरते. सुरक्षिततेचे नियम आणि मदतीची उपलब्धता ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हे अथेनाचे महत्त्वाचे ऐतिहासिक योगदान म्हणता येईल.

८. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि इतर संस्थांतील संशोधकही त्याचा लाभ घेऊ लागले. आयआयटी कानपूर येथे १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला. यंत्राचा वेळ हीच तेव्हा मौल्यवान वस्तू होती. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी यांचा समावेश होता. या केंद्राचा आयआयटी मुंबईशी झालेला ई-मेलचा व्यवहार हा देशातील शैक्षणिक जाळ्याचा आरंभ मानला जातो.

मात्र बहुसंख्य महाविद्यालयांत संगणक आला तो या टप्प्यांनंतर, स्वतंत्र वैयक्तिक यंत्राच्या रूपाने. अशा यंत्राला खाते लागत नव्हते. खोलीचे कुलूप हेच त्याचे कुलूप होते. पुढे प्रवेश, परीक्षा आणि अहवाल यांची कामे जाळ्यावरून होऊ लागली, तेव्हा खाते आले, पण खोलीच्या किल्लीची रीत कायम राहिली. विभागाचे एकच सामाईक खाते, त्याचा पासवर्ड टेबलाच्या खणात आणि तो 'माहीत असलेला' एक सहकारी किंवा प्रयोगशाळा साहाय्यक, हे चित्र अध्यापकांना परिचित आहे. त्यात आळस असतोच असे नाही. बहुतेक वेळा कामाची अखेरची तारीख जवळ आलेली असते आणि मदतीला दुसरे कोणी नसते.

कायद्याची भूमिका मात्र निराळी आहे. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात आलेल्या आणि २००९ पासून लागू झालेल्या कलम ६६ क नुसार, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वा फसवणुकीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सामाईक खात्यातून एखादा गुण बदलला गेला, तर तो कोणी बदलला हे सिद्ध करता येत नाही, आणि न बदलणाऱ्यालाही आपले निर्दोषत्व दाखविता येत नाही. विद्यार्थ्याच्या गुणाइतकेच अध्यापकाचे नावही तेथे पणाला लागलेले असते.

९. निष्कर्ष

(१) विद्यापीठातील संगणकीय खाते वेळेच्या हिशेबासाठी जन्मले. निरोप आणि जाळे यांच्यामुळे ते क्रमाने पत्ता व ओळख बनले. जबाबदारी वाढली, पण वापराच्या जुन्या सवयी तशाच राहिल्या.

(२) अभ्यासिलेल्या घटनांत निव्वळ गणिती दोषाचा वाटा लहान आहे. कार्यालयीन गृहीतके, न बदललेले पासवर्ड आणि निघून गेलेल्यांची चालू खाती यांचा वाटा मोठा आहे. सेवानिवृत्त वा बदली झालेल्या व्यक्तीचे खाते त्याच दिवशी बंद करणे हे 'ना देय' प्रमाणपत्राइतकेच आवश्यक काम ठरते.

(३) भार केवळ माणसाच्या स्मरणशक्तीवर टाकणारे नियम टिकत नाहीत. ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची सरसकट सक्ती करू नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये सुचविले. १९७९ च्या पाहणीत दिसलेल्या माणसाच्या स्वभावाशी ही भूमिका सुसंगत आहे.

(४) तांत्रिक साहाय्य हा खर्चाचा जोडविषय नसून सुरक्षिततेचाच भाग आहे. ज्या विभागात अडचणीच्या वेळी विचारायला माणूस आहे, तेथेच प्रत्येकाचे खाते त्याचे स्वतःचे राहू शकते.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटचा फरक ज्याने दुर्लक्षित केला नाही, त्याच्यामुळे घुसखोर सापडला. खात्याकडे हिशेबाच्या वहीइतक्याच काटेकोरपणे पाहण्याची ती जुनी दृष्टी, खाते ओळख बनल्यानंतरही, विद्यापीठांना सोडता येणार नाही.